ठेका थोडा वाकडाच हवा: स्विंग आणि गॅरेज एकत्र कसे आले

मोबाइलवर रील्स बघत असाल तर हे संगीत तुमच्या कानावरून गेलेलं आहे, त्याला काही नाव असतं हे कदाचित ठाऊक नसेल. आधी जुन्या तबकडीची खरखर. मग कर्ण्यातून आल्यासारखा ट्रम्पेटचा एखादा तुकडा, १९३०च्या दशकातल्या कुणा गायिकेची एक ओळ, आणि तेवढ्यात खालून आजच्या क्लबमधला दणदणीत ठेका. याला इलेक्ट्रो स्विंग म्हणतात. पणजीच्या काळातलं नाचगाणं आणि पणतीच्या काळातलं मशीन.

या मिश्रणाच्या बऱ्याच पोटजाती आहेत. कुणी स्विंगखाली हाउसचा, म्हणजे क्लबमधला एकसारखा धप-धप ठेका घालतं, कुणी हिप-हॉपचा, कुणी ड्रम अँड बेसचा आणि कुणी गॅरेजचा (ते काय, हे पुढे येईल). गाजला तो हाउसवाला प्रकार. माझं मत असं, की स्विंगचं खरं जमतं ते गॅरेजशी, आणि नेमकं तेच लग्न थाटामाटात कधी लागलं नाही. हे मत रुचीचं आहेच, पण त्यामागे थोडं गणितही आहे. ते घड्याळ लावून तपासता येतं.

स्विंग म्हणजे नक्की काय

दादऱ्याचे पहिले तीन बोल घ्या: धा धी ना. एकसारख्या गतीने म्हणत राहा, धा-धी-ना, धा-धी-ना. आता 'धी' मनातल्या मनात म्हणा, तोंडाने फक्त 'धा' आणि 'ना'. जे ऐकू येतं ते असं: धाऽ-ना, धाऽ-ना, धाऽ-ना. एका ठोक्याचे दोन भाग झाले, पण समान नाही. पहिला लांब, दुसरा आखूड. जॅझमधल्या स्विंग ठेक्याचा ढोबळ नमुना हाच. कागदावर दोन सारखे स्वर लिहिलेले असतात, वाजवणारा मात्र पहिल्यावर रेंगाळतो आणि दुसरा उशिरा टाकतो. नाचणाऱ्याच्या गुडघ्यात जी लचक येते ती या उशिरामुळे.

'ढोबळ' म्हटलं, कारण दोनास एक हे प्रमाण वादक काही फूटपट्टी लावून पाळत नाहीत. संथ गाण्यात लांब स्वर आणखी लांबतो. जलद गाण्यात दोन्ही स्वर जवळजवळ सारखे होतात. २००२ मध्ये स्टॉकहोममधल्या दोन संशोधकांनी नामवंत जॅझ ड्रमरांची रेकॉर्डिंग मोजली, तेव्हा एक मजेशीर गोष्ट दिसली: मध्यम गतीच्या वर गेलं, की आखूड स्वर साधारण १०० मिलिसेकंदांवर येऊन थांबतो. गाणं कितीही पळो, तो त्याहून आखूड होत नाही. सेकंदाचा दहावा भाग. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इतिहास. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात लेनॉक्स ॲव्हेन्यूवर १९२६ मध्ये सॅव्हॉय बॉलरूम उघडलं. तिथे ड्रमर चिक वेबचा बँड वाजायचा आणि लिंडी हॉप नावाचा नाच रंगायचा. कॉटन क्लबमध्ये वादक आणि नर्तक कृष्णवर्णीय पण प्रेक्षक गोरे, अशी रीत होती. सॅव्हॉयमध्ये मात्र दोन्ही वर्णांचे लोक एकाच फ्लोअरवर नाचत. बिग बँडसाठी, म्हणजे पंधरा-वीस वादकांच्या ताफ्यासाठी, स्वररचना कशी बांधायची, म्हणजे सॅक्सोफोनवाले काय बोलतील आणि ट्रम्पेटवाले त्याला काय उत्तर देतील, हे तंत्र घडवण्यात फ्लेचर हेंडरसन आणि त्यांच्या बँडमधल्या लोकांचा मोठा हात. पैशाच्या तंगीने ते बेजार झाले, तेव्हा त्यांच्या रचना क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांनी विकत घेतल्या.

गुडमन यांचा बँड १९३५च्या उन्हाळ्यात अमेरिकाभर फिरत होता आणि ठिकठिकाणी थंड प्रतिसाद घेत होता. २१ ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये त्यांनी आधी बेतानेच, सपक गाणी वाजवली. लोक हलेनात. मग हेंडरसन यांच्या रचना बाहेर काढल्या आणि गर्दी वेडी झाली. याचं एक कारण रेडिओ. या बँडचा कार्यक्रम न्यूयॉर्कहून मध्यरात्रीनंतर लागायचा, तेव्हा तिकडची मुलं झोपलेली असत. पश्चिम किनाऱ्यावर मात्र घड्याळ तीन तास मागे, त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या कॉलेजच्या पोरांनी तो आठवडेच्या आठवडे ऐकलेला होता. स्विंगचा सुवर्णकाळ इथून सुरू झाला असं सांगायची पद्धत आहे. हार्लेमच्या लोकांना अर्थातच हे हास्यास्पद वाटलं असतं, त्यांच्याकडे तो केव्हाच सुरू झालेला होता.

पॅरिसमध्ये १९३४ साली जँगो राइनहार्ट आणि स्तेफान ग्रापेली यांनी ड्रम नसलेला, गिटार-व्हायोलिनवर चालणारा स्विंग सुरू केला. त्याची आठवण ठेवा, पुढच्या शतकातले फ्रेंच इलेक्ट्रो स्विंगवाले तिकडूनच आले.

मग युद्ध. बँडमधली तरुण मुलं सैन्यात गेली. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने रॉयल्टीसाठी रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला, सर्वांत मोठ्या दोन कंपन्या १९४४ पर्यंत नमल्या नाहीत. त्याच वर्षी नाचाच्या जागांवर ३० टक्के कर बसला. पंधरा-वीस माणसांचा बँड पोसणं परवडेना. गायक मोठे झाले, जॅझ बसून ऐकायचं संगीत बनलं आणि नाचणारे दुसरीकडे गेले.

मशीनला लचकायला शिकवणारा माणूस

या कथेत रॉजर लिन यांचं नाव फारसं घेतलं जात नाही, हे मला नेहमी खटकतं. त्यांनी १९८० मध्ये एलएम-१ हे ड्रम मशीन आणलं. खऱ्या ड्रमचे नोंदवलेले आवाज त्यात होते. माणसाने बटणं दाबून ठेका वाजवला, की मशीन तो चुकीच्या जागांवरून उचलून नेमक्या खणांत बसवायचं. पण नेमकेपणा निर्जीव लागतो. म्हणून लिन यांनी जोडीतला दुसरा ठोका मुद्दाम उशिरा टाकण्याची सोय केली आणि तिला नाव दिलं स्विंग. पुढे अकाई कंपनीसाठी त्यांनी घडवलेल्या, १९८८ मध्ये आलेल्या एमपीसी-६०वर हीच सोय टक्क्यांत मिळाली. ५० टक्के म्हणजे दोन्ही भाग समान, सरळसोट. ६६ टक्के म्हणजे आपलं धाऽ-ना. मधले आकडे हवे तसे निवडा.

फरक एवढाच, की जॅझचे वादक ठोक्याच्या दोन भागांत लचक आणत. लिन यांच्या मशीनने ती ठोक्याच्या चार भागांत, म्हणजे त्याहून बारीक तुकड्यांत आणली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी टेडी रायली आणि इतरांनी आर अँड बीमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकप्रिय गाण्यांत, हीच बारीक लचक वापरली आणि त्या शैलीला न्यू जॅक स्विंग हे नाव पडलं. बिग बँडशी तिचा थेट संबंध नाही. पण नाचाच्या संगीतात लचक परत आली ती या दाराने, आणि आर अँड बीचं हेच वेड पुढे लंडनच्या गॅरेजमध्ये उतरलं.

गॅरेज: न्यूयॉर्कच्या पार्किंगपासून लंडनच्या रविवारापर्यंत

आधी एक घोटाळा दूर करू. साठच्या दशकात अमेरिकेत घराच्या गॅरेजमध्ये सराव करणाऱ्या पोरांनी गिटार बडवत जे रॉक केलं, तेही गॅरेजच. ते इथे अभिप्रेत नाही. आपलं गॅरेज आलं न्यूयॉर्कच्या ८४ किंग स्ट्रीटवरच्या पॅराडाइज गॅरेज या क्लबातून. पार्किंगची इमारत होती, तिचा क्लब झाला. १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं तो चालला आणि तिथला डीजे लॅरी लेव्हान याच्या निवडीवरून एका शैलीला हे नाव मिळालं. गॉस्पेलच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधल्या गाण्यांच्या वळणाचे आवाज, उबदार बेस, भरपूर भावना. शेजारच्या न्यू जर्सीतही ही शैली वाढली. तिथल्या टॉड एडवर्ड्सने नव्वदच्या दशकात एक वेगळंच काम केलं: गाण्यातल्या आवाजाचे अक्षराएवढे तुकडे करायचे आणि ते तालवाद्यासारखे वापरायचे. शब्द कळत नाही, पण पाय हलतो.

लंडनमध्ये काय झालं बघा. शनिवारची रात्र मिनिस्ट्री ऑफ साउंडसारख्या क्लबात काढलेल्या मंडळींना रविवारी सकाळी घरी जायचं नसायचं. ती दक्षिण लंडनच्या आसपासच्या पबांत जायची. तिथले डीजे अमेरिकन गॅरेजच्या तबकड्या लावायचे, पण 'जंगल' नावाच्या वेगवान क्लबसंगीताला सरावलेल्या गर्दीला त्या संथ वाटायच्या. तेव्हा टर्नटेबलवरची वेगाची पट्टी शेवटपर्यंत सरकवायची. टेक्निक्सच्या प्रसिद्ध टर्नटेबलवर वेग आठ टक्क्यांनी वाढवता येतो, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं १३०च्या जवळ जातं. वेग वाढला की गायिकेचा आवाज चिरका होतो, म्हणून गाणं नसलेली, तुकड्यातुकड्यांचे आवाज असलेली बाजू लावायची. मग लंडनच्या पोरांनी याच वेगाचं, याच तुटक आवाजांचं संगीत स्वतः बनवायला घेतलं. ते वाजलं मुख्यतः टॉवर ब्लॉकांच्या गच्च्यांवर एरियल लावून चालणाऱ्या चोरट्या रेडिओ केंद्रांवर. १९९७ मध्ये डबल ९९ यांचं 'रिपग्रूव्ह', १९९८ मध्ये एमजे कोल यांचं 'सिन्सिअर', १९९९ मध्ये आर्टफुल डॉजर आणि क्रेग डेव्हिड यांचं 'री-रिवाइंड' हे टप्पे. शेवटी शेवटी तर हे संगीत ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत वरच असायचं.

यातला टू-स्टेप हा प्रकार नीट पाहण्यासारखा आहे. एक आवर्तन म्हणजे सोळा खण अशी कल्पना करा. हाउसमध्ये किक, म्हणजे मोठा ड्रम, १, ५, ९ आणि १३ या खणांत पडतो. धप-धप-धप-धप, न चुकता. टू-स्टेपमध्ये किक पहिल्या खणात पडतो आणि मग थेट अकराव्यात. पाचव्या आणि तेराव्या खणात स्नेअर, म्हणजे तडतडणारा छोटा ड्रम. मधल्या खणांतून हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, सरपटत जातो, तोही लचकत: सम खणांतले ठोके जरा उशिरा. दोन किक काढून टाकल्यामुळे ठेक्यात मोकळी जागा तयार होते. ऐकणाऱ्याचं शरीर ती भरून काढतं. बहुतेक प्रोड्यूसर, म्हणजे मशीनवर हे संगीत बनवणारे, लिन यांच्या टक्क्यांच्या भाषेत पंचावन्न ते साठच्या आसपास खेळतात. त्याहून कमी केलं तर कवायत, जास्त केलं तर लंगडणं.

दोघांना एकत्र आणायचे प्रयत्न

पहिली मोठी यशस्वी उडी कलात्मक नव्हती. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या एका बापलेकाने जाइव्ह बनी नावाने स्विंगच्या काळातले बँडवाले ग्लेन मिलर यांची प्रसिद्ध धून आणि पन्नाशीच्या दशकातली रॉक अँड रोल गाणी एकापाठोपाठ चिकटवली. ब्रिटनमध्ये ती पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. समीक्षकांनी नाकं मुरडली, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं नाही. १९९४ मध्ये डूप नावाच्या डच जोडीने चार्ल्सटन या १९२०च्या दशकातल्या नाचाच्या वळणाची धून टेक्नोच्या ठेक्यावर ठेवली, तीही तिथे पहिली आली. त्याच वर्षी लुकास या रॅपरने बेनी गुडमन यांचा एक तुकडा हिप-हॉपखाली घातला. ते काम मात्र ताजं होतं, आजही ऐकवतं.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत स्विंगचं पुनरागमन झालं ते वेगळं. पंक आणि रॉकमधून आलेल्या पोरांनी सूट चढवले, ट्रम्पेट घेतले आणि बँड काढले. १९९८ मध्ये एका कपड्यांच्या ब्रँडच्या जाहिरातीत खाकी पँटी घालून लिंडी हॉप नाचणारी मुलं दिसली आणि नाचाच्या वर्गांना रांगा लागल्या. दोन-तीन वर्षांत ते ओसरलं. पण त्यात मशीन नव्हतं.

युरोपात मात्र मशीनवाले जुन्या तबकड्या चाळत बसले होते. १९९९ मध्ये इंग्लंडच्या मिस्टर स्क्रफने मूनडॉग या अमेरिकन संगीतकाराच्या रेकॉर्डिंगमधला सॅक्सोफोनचा तुकडा घेऊन केलेलं गाणं जाहिरातींतून घरोघर गेलं. २००० मध्ये फ्रान्सच्या सेंट जर्मेनने जॅझ आणि हाउस असे काही जोडले, की ब्लू नोट या जॅझच्या जुन्याजाणत्या कंपनीनेच त्याचा अल्बम काढला. ऑस्ट्रियातल्या लिंझचे मार्कुस फ्युरेडर, म्हणजे पारोव्ह स्टेलार, याच सुमारास आपलं लेबल काढून बसले आणि २००४ पासून अल्बमामागून अल्बम देत राहिले. पॅरिसचा कॅरव्हान पॅलेस २००८ मध्ये पहिला अल्बम घेऊन आला. त्यांच्याकडे जँगोची गिटार, ग्रापेलीचं व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि सिंथसायझर हे सगळं मंचावर प्रत्यक्ष वाजायचं. ब्रायटनमध्ये व्हाइट मिंक नावाच्या क्लब-रात्री सुरू झाल्या, लोक मोत्यांच्या माळा आणि गॅलसवाल्या पँटी घालून येऊ लागले. २०१० मध्ये सर्बियाच्या ग्रामोफोनजीने पेगी ली यांच्या आवाजावर हाउस बांधलं आणि ऑस्ट्रेलियातल्या योलांडा बी कूल आणि डीकप यांनी १९५६च्या एका नेपोलिटन गाण्याचं जे केलं, ते तर जगभरच्या लग्नांत वाजलं. कॅरव्हान पॅलेसचं 'लोन डिगर' २०१५ मध्ये आलं. तोवर ही शैली सगळ्यांच्या ओळखीची आणि थोडी कंटाळवाणीही झाली होती.

हे सगळं युरोपातच का? एक कारण रसिकतेचं असेल, पण दुसरं सरळ कायद्याचं आहे. गाण्यावर दोन वेगवेगळे हक्क असतात: एक रचनेचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण ५० वर्षांचं होतं. २०११ मध्ये ते ७० केलं, पण आधीच मोकळी झालेली रेकॉर्डिंग परत बंदिस्त केली नाहीत. त्यामुळे १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेली रेकॉर्डिंग तिथे मोकळी आहेत. अमेरिकेत याच्या उलट. तिथे जुन्या रेकॉर्डिंगचं भिजत घोंगडं होतं, २०१८च्या कायद्याने ते सुटलं: १९२३च्या आधीची रेकॉर्डिंग २०२२च्या १ जानेवारीला मोकळी झाली आणि स्विंगच्या काळातल्या रेकॉर्डिंगना शंभर वर्षं संरक्षण मिळालं. म्हणजे १९३८ ची तबकडी लिंझमध्ये बसून कापा, ध्वनिमुद्रणाच्या हक्काची अडचण नाही. तीच न्यूयॉर्कमध्ये कापायची तर २०३९ पर्यंत थांबा, नाहीतर परवानगी घ्या. रचनेचा हक्क मात्र युरोपातही रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो. जँगो १९५३ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या एकट्याच्या रचना २०२४ पासून तिथे मोकळ्या. ग्रापेलींबरोबर केलेल्या नाहीत, कारण ग्रापेली १९९७ पर्यंत होते.

आता ते गणित

जुन्या तबकडीत एक सोय आपोआप मिळते. ७८ गतीच्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची आणि अगदी खालचे, छातीत घुमणारे आवाज तिच्यात जवळपास नसायचेच. बिग बँडचा बास वाजत असला तरी तबकडीवर तो कागदी लागतो. आजच्या प्रोड्यूसरला हे वरदान, कारण त्याची किक आणि बेस नेमक्या याच रिकाम्या जागेत बसतात. वर ट्रम्पेट, खाली मशीन, मध्ये भांडण नाही.

भांडण होतं ते वेळेचं. मिनिटाला १२५ ठोक्यांचं स्विंग गाणं घ्या. एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा. धाऽ-नाच्या हिशेबात 'ना' येतो ३२० वर. हाउसमध्ये उघडी हाय-हॅट ठोक्याच्या बरोबर मध्यावर पडते, म्हणजे २४० वर. ८० मिलिसेकंदांचं अंतर. एवढ्या अंतरावरचे दोन आवाज कानाला चूक वाटतात, जणू दोघे वेगवेगळं गाणं वाजवताहेत. मग प्रोड्यूसर काय करतो? ट्रम्पेटचा तुकडा स्वरास्वराला कापतो आणि प्रत्येक स्वर ओढून सरळ खणात बसवतो. गाणं बसतं, पण ज्यासाठी ते घेतलं ती लचकच जाते. इलेक्ट्रो स्विंगमधली बरीचशी गाणी म्हणूनच स्विंगचे कपडे घातलेलं हाउस वाटतात. काही जाणकार हाय-हॅटलाच लचकवतात, पारोव्ह स्टेलार यांची चांगली कामं त्यातली. पण चार किकांची कवायत खाली चालूच असते आणि ती सगळं सपाट करते.

गॅरेजकडे या. १३०च्या गॅरेजवर नेमकं दुपटीचं, २६०चं पळणारं स्विंग गाणं ठेवा. सॅव्हॉयमध्ये दमछाक करणारी अशी गाणी होतीच. जॅझच्या ठोक्याचा अर्धा भाग आता गॅरेजच्या ठोक्याचा चौथा भाग झाला, म्हणजे दोघांची लचक एकाच पातळीवर आली. २६० च्या गतीला ठोका २३१ मिलिसेकंदांचा. आखूड स्वर १०० वर थांबतो, म्हणजे लांब स्वर १३१. टक्क्यांत मांडा: ५७ टक्के. लिन यांच्या बटणावर लंडनची पोरं जिथे कानाने पोचली होती, साधारण तीच जागा. कुणी ठरवून केलेलं नाही. न्यूयॉर्कचे ड्रमर आणि साठ वर्षांनंतरचे दक्षिण लंडनचे प्रोड्यूसर नाचणाऱ्यांकडे बघत बघत एकाच आकड्याशी आले.

शिवाय टू-स्टेपमध्ये किकच कमी, त्यामुळे ब्रासला, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांना, श्वास घ्यायला जागा मिळते. टॉड एडवर्ड्सच्या पद्धतीने आवाजाचे तुकडे करायचे म्हटले तर स्विंगच्या गायिका त्यासाठी जन्मल्यासारख्या, त्यांचं स्कॅट, म्हणजे निरर्थक अक्षरांचं गाणं, मुळातच तुकड्यांचं. ब्रिटनमध्ये असले प्रयोग होतात: डटी मूनशाइनसारखे लोक ब्रासचा ताफा मंचावर आणून त्याखाली तिथल्या रस्त्यावरचं बेसचं संगीत घालतात. पण हे सगळं मुख्य प्रवाहाच्या कडेलाच राहिलं. कारण साधं आहे. जाहिरातवाल्यांना आणि लग्नवाल्यांना धप-धप हवं असतं, त्यावर कुणालाही नाचता येतं. टू-स्टेपवर नाचायला आधी तो कानात बसावा लागतो.

एक कडवट भाग

पारोव्ह स्टेलार यांचं 'बूटी स्विंग' कोट्यवधी वेळा वाजलेलं आहे. त्यातला आवाज लिल हार्डिन आर्मस्ट्राँग यांचा, १९३८च्या रेकॉर्डिंगमधला. या बाई म्हणजे किंग ऑलिव्हर यांच्या बँडच्या पियानोवादक, लुई आर्मस्ट्राँग यांच्या 'हॉट फाइव्ह'च्या कण्यासारख्या, आणि लुईंच्या एकेकाळच्या पत्नी. १९७१ मध्ये शिकागोत लुईंच्या स्मृतीसाठी वाजवतानाच त्या पियानोवर कोसळल्या. त्या गाण्यावर नाचणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत आहे? कायद्याने सॅम्पल, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा, घेता येतं म्हणून नाव गाळायचं असं कुठे लिहिलेलं नाही. क्लब-रात्रींत गाजतो तो मोत्यांच्या माळांचा आणि शॅम्पेनचा काळ. ज्या काळात कॉटन क्लबमध्ये वाजवणाऱ्याच्या घरच्यांना आत बसता येत नव्हतं, तोही हाच. गॅरेजवाल्या बाजूला ही अडचण जरा कमी जाणवते, कारण लंडनचं गॅरेज हे मोठ्या प्रमाणात कॅरिबियन वंशाच्या ब्रिटिश तरुणांनी घडवलेलं.

मुंबईकडे

स्विंग मुंबईत उशिरा किंवा उष्टा पोचला असा समज असेल तर तो चुकीचा आहे. पॅलोमारची ती रात्र झाली त्याच १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकनांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजत होता. पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर ही जागा भरली गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, आणि व्हायोलिन शिकून आलेली ही मंडळी. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट घेऊन चिक चॉकलेट झाले, लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. हॉटेलातली नोकरी करता करता हेच वादक फिल्मी स्टुडिओत वाजवत. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि चिक चॉकलेट यांची जोडी जमली, आणि १९५१ मध्ये भगवानदादांच्या 'अलबेला'तून ते ट्रम्पेट आणि ती लचक थेट गिरणगावात पोचली. १९५७च्या 'आशा'मधलं 'ईना मीना डीका' आजही कोणत्याही वरातीत चालतं.

इथल्या एखाद्या प्रोड्यूसरला या खजिन्यावर गॅरेज बांधावंसं वाटलं तर कायदा काय म्हणतो? भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांचा. चिक चॉकलेट यांच्या चाळीसच्या दशकातल्या तबकड्या आणि 'अलबेला'चं मूळ ध्वनिमुद्रण त्या मुदतीबाहेर गेलेलं आहे. रचनेचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. सी. रामचंद्र १९८२ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या चालींसाठी २०४२ संपेपर्यंत परवानगी लागेल, आणि गीतकाराचा हिशेब वेगळा. आवाज मोकळा, चाल बांधलेली. मार्ग एकच राहतो: चाल ओळखू येणार नाही इतके बारीक तुकडे करायचे. टॉड एडवर्ड्सची पद्धत नेमकी तीच आहे, फक्त तसं करण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं.